नोटेला फुटला कान!

मित्रांनो, आधी माझा एक मूर्खपणा सांगतो. हसायचं असेल तर खुशाल हसा, पण पुढचं नीट ऐका.

मी तेव्हा सहावीत होतो. आईनं साखर आणायला पाठवलं होतं. परत मिळालेल्या सुट्ट्या पैशांत दोन रुपयांची एक नोट होती. मागच्या बाजूला आर्यभट उपग्रहाचं चित्र असलेली. नोट अगदी कोरी करकरीत! पण तिच्या एका कोपऱ्याला चक्क कान फुटला होता. म्हणजे काय, तर नोटेचा कोपरा जिथे संपायला हवा, तिथून पांढऱ्या कागदाचा एक त्रिकोणी तुकडा बाहेर आला होता. तो नोटेचाच भाग होता, चिकटवलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तीच नोट घेऊन मी वही आणायला गेलो. दुकानदारकाकांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "बाळा, ही काही बरोबर दिसत नाही. जा, घरून दुसरी घेऊन ये."

मी घरी आलो. आईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री काढली आणि तो कान कच्चकन कापून टाकला! नोट आता अगदी इतर नोटांसारखी दिसायला लागली. दुकानदारकाकांनी ती मुकाट्यानं घेतली, मला वही मिळाली आणि आपण केवढे हुशार, असं मला वाटलं.

पुढे पंधरा-सोळा वर्षांनी जुन्या नाण्यांचं आणि नोटांचं एक प्रदर्शन पाहायला गेलो. तिथे एका पारदर्शक पाकिटात मोठ्या मानानं ठेवलेली एक नोट दिसली. तिलाही तसाच कान! मी त्या वयस्कर संग्राहकांना माझी कात्रीची गोष्ट सांगितली. ते आधी हसले, मग हळहळले. म्हणाले, "अहो, त्या कानामुळेच ती नोट लाखांत एखादी होती. आणि नेमका तोच कापलात की हो!"

तर मित्रांनो, माझ्यासारखं तुमचं होऊ नये म्हणून हा लेख. नोटा कशा जमवायच्या, छापताना चुकलेली नोट कशी ओळखायची आणि त्या चुकीतून काय काय कळतं, ते आज पाहू या.

लंडनहून नाशिकला

चूक कळायची तर आधी बरोबर काय ते कळायला हवं. म्हणून थोडं छापखान्याविषयी.

आपल्याकडे कागदी चलनाचा कायदा १८६१ साली झाला आणि नोटा काढण्याचा हक्क सरकारकडे आला. पण या नोटा छापल्या जायच्या कुठे, तर थेट इंग्लंडमध्ये! तिथे छापायच्या आणि बोटीनं इकडे आणायच्या. १९२८ साली नाशिक रोडला चलनी नोटांचा छापखाना सुरू झाला आणि ही यातायात हळूहळू थांबली. १९३२ पर्यंत भारतातल्या सगळ्या प्रकारच्या नोटा नाशिकलाच छापल्या जाऊ लागल्या. नाशिककर मित्रांनो, कॉलर ताठ करायला हरकत नाही!

नंतर १९७४ साली मध्य प्रदेशात देवासला, आणि १९९६ साली कर्नाटकात म्हैसूरला व पश्चिम बंगालमध्ये सालबोनीला असे आणखी छापखाने निघाले. आज तुमच्या हातात येणारी प्रत्येक नोट या चारपैकी एका ठिकाणाहून येते.

पाच पायऱ्या, पाच चुका

नोट काही वर्तमानपत्रासारखी एका फटक्यात छापून होत नाही. तिच्या साधारण पाच पायऱ्या असतात. आणि गंमत अशी, की प्रत्येक पायरीची चूक वेगळी! त्यामुळे चूक पाहून ती कुठल्या पायरीवर झाली हे ओळखता येतं. अगदी गुप्तहेराचं काम!

पहिली पायरी कागदाची. नोटेचा कागद झाडाच्या लगद्याचा नसतो, कापसापासून केलेला असतो. म्हणून तो वहीच्या कागदासारखा पटकन फाटत नाही. उजेडासमोर धरल्यावर दिसणारं गांधीजींचं चित्र, म्हणजे जलचिन्ह, आणि नोटेतून जाणारा सुरक्षा धागा हे दोन्ही कागद बनतानाच त्यात येतात. तेव्हा धागा मुळातच नसेल किंवा भलतीकडे सरकलेला असेल, तर ती चूक छापखान्यातली नसून कागदाच्या गिरणीतली.

दुसरी पायरी मागच्या-पुढच्या बारीक रंगीत नक्षीची. एका मोठ्या कागदावर अनेक नोटा एकदम छापल्या जातात आणि ही नक्षी दोन्ही बाजूंना एकाच वेळी उमटते. याचा पुरावा पाहायचा आहे? बाबांकडून शंभर रुपयांची नवी, जांभळट रंगाची नोट मागून घ्या. तिच्या समोरच्या बाजूला डावीकडे १०० हा आकडा अर्धवट छापलेला दिसेल. नोट उजेडासमोर धरा. पुढचा अर्धा भाग आणि मागचा अर्धा भाग मिळून पूर्ण आकडा तयार होतो! आता कागद जरासा जरी सरकला असता तरी हे दोन अर्धे जुळले नसते. नक्षी एका बाजूला घसरलेली नोट म्हणजे या पायरीची चूक.

तिसरी पायरी उठावाच्या छपाईची. धातूच्या पत्र्यावर चित्र कोरलेलं असतं. त्या बारीक खाचांत शाई भरतात आणि कागद त्यावर प्रचंड जोरानं दाबतात. शाई कागदावर उंचवट्यासारखी बसते. शंभरच्या नोटेवरच्या गांधीजींच्या चित्रावरून आणि कडेच्या तिरप्या रेघांवरून अलगद बोट फिरवा. खरखरीत लागतं ना? ही शाई ओली असताना दुसऱ्या कागदाला लागली, तर त्यावर आरशात दिसावी तशी उलटी, पुसट आकृती उमटते.

चौथी पायरी नंबरांची. प्रत्येक नोटेवर तोच नंबर दोन ठिकाणी असतो. आकड्यांची छोटी छोटी चाकं फिरत जातात आणि पुढचा नंबर येत राहतो. एखादं चाक अडकलं, तर डावीकडे एक नंबर आणि उजवीकडे दुसराच! कधी नंबर छापायचाच राहून जातो, तर कधी कागद उलटा गेल्यामुळे नंबर डोक्यावर उभा राहतो.

पाचवी पायरी कापण्याची. सगळं छापून झालं, की मोठा कागद कापून सुट्या नोटा करतात. कागद सरकला, तर तुमच्या नोटेत शेजारच्या नोटेचा तुकडा येतो. आणि कापण्याआधी कागदाचा कोपरा आत दुमडलेला असेल, तर काय होईल? दुमडलेला भाग पात्यातून सुटतो. नंतर तो उघडला, की नोटेला फुटला कान! संग्राहक अशा नोटेला 'बटरफ्लाय', म्हणजे फुलपाखरू, असंही म्हणतात. नाव किती छान आहे, नाही?

आता माझ्या नोटेचं कोडं सोडवू या. तिची छपाई पूर्ण होती आणि कान कोरा पांढरा होता. म्हणजे कोपरा दुमडला तो छपाई झाल्यावर, कापण्याआधी. कान कोरा होता, म्हणजे शेजारी दुसरी नोट नव्हती, नुसता समास होता. तेव्हा ती बहुधा मोठ्या कागदाच्या अगदी कोपऱ्यातली नोट असणार. बघा, तेवढ्याशा पांढऱ्या तुकड्यानं केवढी माहिती सांगितली असती! मी ती माहितीच कापून टाकली.

नोटेवर केळ्याचं लेबल

चुकलेल्या नोटांच्या जगातली सगळ्यात मजेदार गोष्ट अमेरिकेतली आहे.

तिथल्या ओहायो राज्यातल्या एका विद्यार्थ्याला एटीएममधून वीस डॉलरची एक नोट मिळाली. तिच्या दर्शनी बाजूवर 'डेल माँटे' कंपनीचं, केळ्यांवर लावतात ते लाल-हिरवं लेबल चिकटलेलं होतं. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? कुणीतरी केळं खाऊन चिकटवलं असेल. पण थांबा. नोटेचा शिक्का आणि नंबर त्या लेबलाच्या वरून छापलेला होता!

अमेरिकेत आधी नोटेची मागची बाजू छापतात, मग पुढची आणि सगळ्यात शेवटी शिक्का व नंबर. आता विचार करा. लेबल पुढची बाजू छापण्याआधी चिकटलं असतं, तर त्याच्यावर चित्र आलं असतं. नोट बाहेर आल्यावर चिकटलं असतं, तर त्याच्यावर नंबर आला नसता. म्हणजे लेबल चिकटलं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या छपाईच्या मध्येच, छापखान्याच्या आत! ते तिथे कसं पोचलं हे कुणीही सांगू शकत नाही. पण केव्हा पोचलं हे मात्र ती नोटच सांगते.

त्या विद्यार्थ्यानं २००३ च्या सुमारास ती नोट लिलावात विकली तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर किंमत आली. २००६ साली ती २५,३०० डॉलरला गेली आणि जानेवारी २०२१ मध्ये तब्बल ३,९६,००० डॉलरला! वीस डॉलरची नोट! विद्यार्थ्यानं ते लेबल नखानं खरवडून काढलं असतं, तर ती वीस डॉलरचीच राहिली असती. माझ्या कात्रीची आठवण झाली की नाही?

चुकलेल्या नोटांचं पुढे काय होतं?

छापखान्यात नोटांची कडक तपासणी होते. चुकलेली नोट बाजूला काढतात आणि नष्ट करतात. मग एक अडचण येते. शंभर नोटांच्या गड्डीत नंबर ओळीनं असतात. मधली एखादी नोट काढून टाकली, तर तिच्या जागी कुठली घालायची?

यावर रिझर्व्ह बँकेनं २००६ साली एक सोपी युक्ती काढली. तेव्हापासून अशा जागी चांदणी असलेली नोट घालतात. नंबरातली सुरुवातीची अक्षरं आणि पुढचे आकडे यांच्यामध्ये एक छोटी चांदणी छापलेली असते. सुरुवातीला ही पद्धत १०, २० आणि ५० च्या नोटांसाठी होती, पुढे मोठ्या नोटांनाही आली. जुलै २०२३ मध्ये चांदणीच्या नोटा खोट्या असल्याची अफवा पसरली होती. तेव्हा त्या पूर्णपणे खऱ्या आहेत, असं रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं.

म्हणजे चांदणीची नोट ही चुकलेली नोट नव्हे. ती चुकलेल्या नोटेच्या जागी आलेली बदली खेळाडू! आणि तपासणीतून निसटून बाहेर आलेली खरी चुकलेली नोट म्हणजे डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्यांना चुकवून गेलेली नोट. म्हणूनच ती दुर्मिळ.

प्रत्येक चूक मोलाची नसते

पण हुरळून जाऊ नका. चूक म्हणजे लगेच लाखो रुपये, असं मुळीच नाही.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट ऐका. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी ५० डॉलरची नवी नोट काढली. त्यावर एडिथ कोवन यांचं चित्र आहे. ऑस्ट्रेलियात संसदेवर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला. त्यांच्या भाषणातला मजकूर भिंगातून पाहावा लागेल इतक्या बारीक अक्षरांत छापला होता. मे २०१९ मध्ये लक्षात आलं, की त्यात 'रिस्पॉन्सिबिलिटी' या इंग्रजी शब्दातलं एक 'आय' गळलं आहे. तेही एकदा नाही, तीनदा! आणि शब्दाचा अर्थ काय, तर 'जबाबदारी'! तोपर्यंत अशा ४ कोटी ६० लाख नोटा लोकांच्या हाती गेल्या होत्या. आता इतक्या नोटा असताना त्यातल्या एकीला कोण जास्त पैसे देणार? चूक मोठी, पण दुर्मिळ नाही.

आपल्याकडेही असं घडलं आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये ५०० आणि १००० च्या जुन्या नोटा रद्द झाल्या. नव्या नोटा घाईघाईनं छापाव्या लागल्या. तेव्हा ५०० च्या काही नोटांवर गांधीजींच्या चेहऱ्यामागे दुहेरी सावली दिसत होती. घाईमुळे असं झालं असावं, लोकांनी त्या नोटा वापराव्यात किंवा परत कराव्यात, असं रिझर्व्ह बँकेकडून सांगण्यात आलं.

जानेवारी २०१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या श्योपूर जिल्ह्यात तर काही शेतकऱ्यांना बँकेतून मिळालेल्या २००० च्या नोटांवर गांधीजींचं चित्रच नव्हतं! बिचारे घाबरले. आपल्याला खोट्या नोटा मिळाल्या, असं त्यांना वाटलं. नोटा खऱ्या आहेत, छपाईत चूक आहे, असं सांगून बँकेनं त्या परत घेतल्या.

आता तुम्ही सांगा पाहू, इथे कुठली पायरी चुकली असेल? चित्र उठावाच्या छपाईत येतं, म्हणजे तिसरी! जमतंय की तुम्हाला.

या गोष्टीतून आणखी एक लक्षात घ्या. चुकलेली नोट आपल्याला गंमत वाटते. पण ज्याला त्याच नोटेनं बी-बियाणं आणायचं आहे, त्याच्यासाठी ती गंमत नसते. दुकानातून परत पाठवलेली नोट हातात घेऊन उभं राहायला कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे. म्हणून कुणी अशी नोट घेऊन गोंधळलेला दिसला, तर त्याला बँकेत जायला सांगा. त्याच्याकडून ती स्वस्तात लाटू नका.

खरी चूक आणि बनवलेली चूक

जिथे पैसे आले, तिथे लबाडी आलीच. काही लोक चांगल्या नोटेचा नंबर रसायनानं पुसतात आणि 'बिननंबरी नोट' म्हणून विकतात. कुणी कात्रीनं वाकडीतिकडी कापून 'कापण्याची चूक' तयार करतात. मग ओळखायचं कसं?

इथे पायऱ्या उपयोगी पडतात. समजा, नोटेवर एक पांढरी पट्टी आहे. छपाईच्या वेळी कागदाला घडी पडली असेल, तर तिथे शाई पोचत नाही आणि घडी उघडल्यावर कोरी पट्टी दिसते. आता नोट परत त्याच घडीवर हलकेच दुमडून पाहा. दोन्हीकडच्या रेघा एकमेकींना बरोब्बर जुळल्या, तर चूक खरी. पुसलेल्या पट्टीच्या रेघा अशा जुळत नाहीत.

पुसलेल्या जागी कागद खरखरीत होतो, त्याला बारीक लव येते. भिंगातून पाहिलं तर शाईचे कण उरलेले दिसतात. कापलेल्या नोटेचं तर फारच सोपं आहे. दुसरी चांगली नोट तिच्यावर ठेवा. खऱ्या चुकीत एका बाजूला कमी झालेला भाग दुसऱ्या बाजूला जास्त भरतो. नुसतीच कमी असेल, तर कात्री चाललेली आहे असं समजा.

आणि हो, खोटी नोट ही वेगळीच भानगड. ती चूक नसते, गुन्हा असतो. नोटेचा संशय आला, तर ती संग्रहात ठेवू नका, पुढेही खपवू नका. आई-बाबांना दाखवा, ते बँकेत नेतील.

पैसे न घालता संग्रह

तुम्ही म्हणाल, चुकलेली नोट आम्हाला मिळणार कधी आणि आम्ही जमवणार कधी? अहो, तोपर्यंत थांबायचं कशाला! घरात येणाऱ्या नोटांवरूनच सुरुवात करा. पाहायची सवय लागली, तरच एखाद्या दिवशी चूक डोळ्यांना दिसेल.

चित्रांपासून सुरुवात करा. आताच्या वीसच्या नोटेमागे आपली वेरूळची लेणी आहेत. दहाच्या नोटेमागे कोणार्कचं सूर्यमंदिर, पन्नासच्या मागे हंपी, शंभरच्या मागे पाटणची राणी की वाव, दोनशेच्या मागे सांचीचा स्तूप. एकेक नोट ठेवली, की घरबसल्या भारताची सहल! १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला निघालेल्या नोटांवर गांधीजी बसलेले आहेत आणि मागे वर्ध्याजवळचा सेवाग्राम आश्रम आहे. आजी-आजोबांच्या ट्रंकेत एखादी सापडते का, विचारा.

मग भाषा पाहा. नोटेच्या मागे पंधरा भाषांची पट्टी असते. त्यात आपली मराठी आठवी. सहावी कोकणी, तीही देवनागरीत, तेव्हा गोव्याचे मित्र तिथे बोट ठेवतील! भाषेवरूनही नोटांवर वाद झालेला आहे, बरं का. एकापेक्षा जास्त असले तर हिंदीत 'रुपया' लिहायचं की 'रुपये', हा प्रश्न १९५३ च्या सुमाराला 'रुपये' असा सोडवण्यात आला. त्याआधीच्या नोटांवर 'रुपया' दिसतो. ही छापखान्याची चूक नव्हे, पण पाहण्यासारखी गोष्ट नक्कीच!

मग सह्या. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते. पहिले भारतीय गव्हर्नर आपले चिंतामणराव देशमुख, जन्म रायगड जिल्ह्यातला. १९४३ ते १९४९ या काळात ते गव्हर्नर होते. त्यांची सही असलेल्या नोटांवर इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज दिसतो. के. जी. आंबेगावकर १९५७ साली जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते, त्यामुळे गव्हर्नर म्हणून त्यांची सही एकाही नोटेवर आली नाही. मात्र एक रुपयाच्या नोटेवर ती सापडते! कारण एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसते, भारत सरकारची असते. तिच्यावर अर्थसचिवांची सही असते आणि आंबेगावकर आधी अर्थसचिव होते. अमिताव घोष १९८५ साली फक्त वीस दिवस गव्हर्नर होते, तरी दहाच्या नोटेवर त्यांची सही आली.

आणि सगळ्यात सोपा खेळ नंबरांचा. नोटेचे सहा आकडे म्हणजे एखादी तारीखच. १५०८४७ म्हणजे १५ ऑगस्ट १९४७! आपली, आईची, ताईची जन्मतारीख सापडते का बघा. सापडली की ती नोट आपल्या खाऊच्या पैशांतून बदलून घ्या. बाबांच्या पाकिटातून परस्पर काढू नका!

नोट कशी जपायची?

नोटेला हात लावण्याआधी हात धुऊन कोरडे करा. नोट कडांना धरा. तिच्यावर लिहू नका. फाटली तरी चिकटपट्टी लावू नका, कारण डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. धुऊन, इस्त्री करून नवी करायलाही जाऊ नका. जुन्या नोटांना डावीकडे टाचणीची भोकं दिसतात. पूर्वी गड्ड्या टाचून देत असत, त्याची ती खूण आहे. ती बुजवू नका. सपाट, कोरड्या जागी, पाकिटात घालून ठेवा. सोबत एका वहीत नोट कधी, कुठे मिळाली ते लिहा. संग्रहाची खरी श्रीमंती त्या वहीत असते.

आई-बाबांनी हे जरूर वाचावं

'जुनी पाच रुपयांची नोट द्या आणि लाखो मिळवा' अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून लोकांकडून आधी 'शुल्क' उकळायचं आणि गायब व्हायचं, हा त्यांचा धंदा. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं स्वतः सांगितलं, की अशा व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही आणि ती कधीही असं शुल्क घेत नाही. मुलांना नोटेचा फोटो किंवा पैसे कुणा अनोळखी माणसाला पाठवू देऊ नका.

दुसरं, २०१६ साली रद्द झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा एकूण दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी ही मर्यादा पंचवीस नोटांची आहे. आठवण म्हणून एकेक ठेवा, गड्डी नको.

मित्रांनो, ती दोन रुपयांची नोट आज माझ्याकडे असती, तर मी ती विकली असती का? खरंच नाही. तिच्यावर लिहिलं असतं, की एका दिवशी एका छापखान्यात एक कोपरा दुमडला गेला आणि इतक्या जणांच्या नजरेतून सुटून तो एका सहावीतल्या मुलाच्या खिशापर्यंत आला. वही तर केव्हाच भरून रद्दीत गेली.

तेव्हा तुमच्या हातात एखादी विचित्र नोट आली, तर तिला नीट करायला जाऊ नका. आधी पाच पायऱ्या आठवा. उजेडासमोर धरा, उलटून पाहा, बोट फिरवा. 'तुला काय झालं गं?' असं तिला विचारा.

आणि कात्री? ती शिवणाच्या डब्यातच राहू द्या!